मराठी वाचनाला फोनिक्स कितपत लागू पडते?

इंग्रजी फोनिक्सची पद्धत, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडत शब्द वाचायला शिकवणे, मराठीलाही जशीच्या तशी लावावी, असे काही जण सुचवतात. त्यात इंदूरमधल्या माझ्या अनुभवाची थोडी भर घालते. इंग्रजीत अक्षराचे नाव आणि ध्वनी वेगळे असल्यामुळे 'एस, ए, टी' न म्हणता 'स्, ॲ, ट्' असे ध्वनी जोडत 'सॅट' वाचायला शिकवावे लागते. देवनागरीत 'क'चे नाव हाच त्याचा ध्वनी (अर्थात त्यात 'अ' मिसळलेला असतो), म्हणून हा टप्पा मुले लवकर ओलांडतात. खरी अडचण येते ती काना, मात्रा, वेलांटी अशा स्वरचिन्हांपाशी. माझी सहा वर्षांची नात 'किती' वाचताना हमखास थबकते, कारण ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना 'क'च्या आधी दिसते, पण उच्चारायची असते 'क'नंतर. अशा वेळी मी तिचे बोट धरून आधी 'क'वर ठेवते आणि मग वेलांटीवर नेते. शिवाय इथल्या शाळेतल्या हिंदी तक्त्यात 'ळ' नसल्याने ती 'बाळ'ला 'बाल' वाचते. 'चार' आणि 'चाक' यांतल्या 'च'चा फरक तर कोणत्याच तक्त्यात दिसत नाही, तो कानांनीच शिकावा लागतो. म्हणून घरी रोज मोठ्याने मराठी वाचून दाखवणे मला अत्यावश्यक वाटते.