चकाचक रंगापेक्षा नंबर बघा

'इतका खर्च करून नव्यासारखी केलेली जुनी गाडी लिलावात जास्त भावाने जायलाच हवी' हे मला पटत नाही. उलट बघा: २०१५ साली पॅरिसच्या लिलावात बायॉं या फ्रेंच कुटुंबाच्या जुन्या गाड्यांच्या संग्रहातली १९६१ ची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर डागडुजी न करता, धुळीसकट मांडली होती. ती सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. पुन्हा रंगवता कितीही वेळा येतं, पण मूळ रंग, मूळ सीटचं कातडं एकदा काढलं की गेलं.

आपल्याकडे मात्र पुट्टी (पत्र्याचे पोचे, भोकं भरायचा लेप) आणि क्रोमवरच माणसं भुलतात. मागे कोथरूडात मी १९६८ ची म्हणून एक फियाट पाहायला गेलो होतो. रंग आरशासारखा, पण मागे बिल्ला 'पद्मिनी'चा! या फियाटला ते नाव १९७० च्या दशकात आलं, म्हणजे डिकीचं झाकण तरी नंतरच्या गाडीचं. चाकांवरच्या पत्र्याला लोहचुंबक लावलं तर दोन ठिकाणी चिकटेचना, आत नुसती पुट्टी. इंजिनवरचा नंबर आरसी बुकाशी जुळत नव्हता. इंजिन बदललेलं असणं गुन्हा नाही, पण त्याची नोंद हवी आणि किमतीत ते दिसायला हवं.

पुण्यातल्या नाना पेठेतल्या गाड्यांच्या पार्टांच्या बाजारातून मिळवलेला जुना अस्सल पार्ट मला नव्या नकलेपेक्षा कधीही चालेल. मालकाने कामाच्या आधीचे फोटो आणि बिलं जपली असतील तर मी आनंदाने चार पैसे जास्त देईन. ती नसतील तर रंगाचे पैसे देणार नाही.