कॉम्प्युटर मॉडेलमध्ये कॉलम ‘पास’ झाला, म्हणजे इमारत भरवशाची ठरते का?

प्रश्न : वाशी, संस्थेचा सचिव

नमस्कार. वाशीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेची इमारत ३६ वर्षांची असून खाली मोकळे पार्किंग आणि वर चार मजले आहेत. तीस वर्षांवरील इमारतींना सक्तीचे असलेले स्ट्रक्चरल ऑडिट आम्ही नुकतेच करून घेतले. अहवालासोबत ईटॅब्स या इमारतींचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले मॉडेल आहे आणि त्यात एकूण एक कॉलम सुरक्षित दाखवला आहे. प्रत्यक्षात मात्र पार्किंगमधील दोन कॉलमांचे कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा थर, सुटून सळ्या उघड्या पडल्या आहेत. दुरुस्तीचा खर्च टाळू पाहणारे सभासद मॉडेलकडे बोट दाखवतात. या मॉडेलवर कितपत विसंबावे?

उत्तर १ : ठाणे, स्ट्रक्चरल इंजिनिअर

सचिव महोदय, निकालाचे पान बाजूला ठेवून आधी मॉडेलला पुरवलेल्या माहितीचे पान मागवा. काँक्रीटची प्रत, कॉलमचे माप आणि सळ्यांचा व्यास मूळ नकाशावरून घेतला असेल, तर तपासली गेली ती ३६ वर्षांपूर्वी कागदावर असलेली इमारत. आज आपण राहता ती नव्हे.

फरक किती पडतो ते पाहा. १६ मिलिमीटरची सळई गंजून १४ मिलिमीटर उरली, तर तिचे क्षेत्रफळ २०१ वरून १५४ चौरस मिलिमीटरवर येते, म्हणजे सुमारे २३ टक्के पोलाद गेले. मला त्याहून अधिक काळजी कव्हरची वाटते. २३० मिलिमीटर जाडीच्या कॉलमचे एका बाजूचे २५ मिलिमीटर काँक्रीट निघून गेले, की उरलेल्या छेदाचा मध्य साडेबारा मिलिमीटरने सरकतो, वरचा भार मध्यातून न उतरता कडेने उतरू लागतो आणि कॉलम दाबाबरोबर वाकूही लागतो. त्यातच उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या बारीक व्यासाच्या रिंगा आधी गंजतात आणि त्या तुटल्या की उभ्या सळ्यांना बाहेर फुगण्यापासून अडवणारे काहीच उरत नाही. नकाशावरून केलेल्या मॉडेलमध्ये यांतले काहीही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट विचारा. वरच्या मजल्यांवरील विटांच्या भिंती मॉडेलमध्ये फक्त वजन म्हणून धरल्या आहेत, की त्यांचा ताठरपणाही धरला आहे? भिंती वर आणि खाली मोकळे पार्किंग असले, की भूकंपात सारी हालचाल तळमजल्यावर एकवटते. आपला भाग भूकंपक्षेत्र तीनमध्ये येतो, त्यामुळे हा प्रश्न गौण नाही.

उत्तर २ : ऐरोली, संरचना-विश्वसनीयतेची अभ्यासक

वरील उत्तराशी मी सहमत आहे. ‘पास’ या शब्दाविषयी थोडे लिहिते. काँक्रीटची ताकद हा एक आकडा नसून आकड्यांचा पसरलेला समूह असतो. एम-२०, म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर २० न्यूटन ताकद अपेक्षित असलेल्या, काँक्रीटचे मिश्रण ठरवताना सरासरी २६.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरतात, ती याच विखुरणीसाठी. विश्वसनीयतेच्या गणितात ताकद आणि भार या दोन्हींची विखुरण घेऊन निकामी होण्याची संभाव्यता काढतात आणि ती बीटा या निर्देशांकाने सांगतात : बीटा ३ असेल तर साधारण ७४० मध्ये एक, ३.८ असेल तर सुमारे १४ हजारांत एक.

मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे यादृच्छिक आकडे घेऊन तेच गणित पुन्हा पुन्हा करून, दहा हजारांत एक इतकी लहान संभाव्यता दहा टक्के अचूकतेने काढायची, तर जवळपास दहा लाख वेळा गणित करावे लागते. म्हणून पूर्ण इमारतीऐवजी नेमक्या धोक्याच्या कॉलमचे वेगळे समीकरण घेणे शहाणपणाचे ठरते.

मॉडेलच चुकीचे बांधले गेले तर काय होते, याचे उदाहरण नॉर्वेतील स्लाइपनर-ए या काँक्रीटच्या तेलमंचाचे आहे. गणितासाठी मॉडेलचे जे लहान तुकडे पाडतात, ती जाळी पुरेशी बारीक न घेतल्यामुळे भिंतींवरील कर्तन बल (कापू पाहणारे बल) सुमारे ४७ टक्के कमी निघाले आणि २३ ऑगस्ट १९९१ रोजी तो मंच बुडाला. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे निघाले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली. साधन तेच, फरक मॉडेल बांधणाऱ्याच्या काळजीचा.

सचिव

धन्यवाद. विचारणा केली. सर्व मापे नकाशावरूनच घेतली आहेत आणि भिंतींचे केवळ वजन धरले आहे. आता काय करावे?

उत्तर १ : ठाणे, स्ट्रक्चरल इंजिनिअर

त्या दोन कॉलमांशेजारी आजच टेकू लावून घ्या, चाचण्या त्यानंतर. खराब कॉलममधून थेट कोअर, म्हणजे चाचणीसाठी कापलेला काँक्रीटचा दंडगोल, काढू देऊ नका; तिथे ध्वनिलहरींची अल्ट्रासोनिक चाचणी घ्या आणि कोअर इतर सुस्थितीतील भागांतून, सळई चुकवून, किमान तीन काढा. फेनॉल्फथॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाने कार्बोनेशनची खोली मोजा, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा सळ्यांना गंजापासून वाचवणारा गुण किती आतपर्यंत गेला ते कळेल. सळईचे विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत तांबे-सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेले, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. खाडीकाठच्या हवेत ही चाचणी वरून खराब न दिसणाऱ्या कॉलमांवरही घ्यावी. सळई साफ करून व्यास कॅलिपरने मोजा आणि त्याच मापांवर, भिंतींचा ताठरपणाही धरून, मॉडेल पुन्हा चालवायला सांगा. जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नवे वेष्टन, केल्यास त्या कॉलमांचा ताठरपणा वाढून ते अधिक बल ओढून घेतील, म्हणून दुरुस्तीनंतरच्या मापांवर आणखी एकदा.