प्रतिसाद: होक्काइदोत पूर्वेलाही जा

जुलैत मुलांना घेऊन होक्काइदोला, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर, जायचा बेत तुम्ही लिहिलात. लव्हेंडरच्या फुलांसाठी फुरानो ठरवताय ते उत्तमच, पण उरलेले सगळे दिवस साप्पोरो शहरात घालवू नका. पूर्वेला जाच! कुशिरोच्या पाणथळीत लाल माथ्याचे तान्चो क्रौंच दिसतात. शिरेतोको द्वीपकल्प २००५पासून जागतिक वारसा आहे; तिथे जुलैअखेरपर्यंत अस्वलांचा मोसम, म्हणून पाच तळ्यांची जमिनीवरची वाट मार्गदर्शकासोबतच चालता येते. आधीच नोंदणी करा. (उंचावरची लाकडी वाट मात्र खुली असते.)

मुलं सोबत आहेत म्हणता, तर शिराओईचं उपोपोय चुकवू नका. होक्काइदोच्या मूळ रहिवासी ऐनू लोकांचं हे राष्ट्रीय संग्रहालय २०२० साली उघडलं. नाच, गाणी, विणकाम सगळं प्रत्यक्ष बघायला मिळतं. साप्पोरोहून रेल्वेने साधारण तासभर.

पूर्वेकडे बस फार कमी, गाडी भाड्याने घ्या. आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तिथे चालतो, शिवाय वाहतूकही डावीकडूनच.