मदत हवी आहे: गाडीतल्या सबवूफरचा अ‍ॅम्प मध्येच बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो

ढोलवाला
नमस्कार मंडळी. अ‍ॅम्प मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा), क्लास डी, २ ओहमला ५०० वॅट आरएमएस (सलग देता येणारी ताकद). सबवूफर (बासचा स्पीकर) एकच, १२ इंची, दोन कॉइलचा (४+४ ओहम). दोन्ही कॉइल पॅरललमध्ये, म्हणजे २ ओहम. वायर ८ गेजची, मी आणि मेव्हण्याने मिळून ओढली आहे.

गाडी सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं झकास वाजतं. मग आवाज जरा वाढवला की बास गायब. पुढचे स्पीकर चालूच असतात. दहाएक सेकंदांनी बास परत येतो, दोन गाणी टिकतो, पुन्हा गायब. रात्री हे जास्त होतं. आवाज हळू ठेवला तर तासभर काही होत नाही.

फ्यूज शाबूत आहेत. आरसीए केबल (स्टिरिओकडून सिग्नल आणणारी) बदलून पाहिली. अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर मीटर लावला तर १२.५ व्होल्ट, म्हणजे सप्लाय नीट पोचतोय. अ‍ॅम्प हाताला कोमट लागतो, चटका बसेल असा नाही. ज्यांना दाखवला ते म्हणाले, अ‍ॅम्प गेलाय, नवा घ्या. त्याआधी इथे विचारतोय. घरच्यांच्या मते बंद पडतोय तेच बरं आहे, त्यामुळे तिकडून मदतीची आशा नाही.

गप्पबस
बंद पडतो तेव्हा अ‍ॅम्पवरचा दिवा काय म्हणतो? लाल लागतो की सगळाच अंधार? लाल म्हणजे प्रोटेक्शन. अ‍ॅम्पने स्वतःहून माघार घेतली: व्होल्टेज पडलं, ओहम कमी झाले, कुठे शॉर्ट आहे किंवा फार तापला. अंधार म्हणजे सप्लाय किंवा रिमोटची बारीक वायर (स्टिरिओ लावला की चालू होण्याचा इशारा देणारी) सुटतेय. हे दोन आजार वेगळे, औषधंही वेगळी.

ढोलवाला
अ‍ॅम्प डिकीत आहे हो, चालवताना बघू कसा?

गप्पबस
मोबाईल रेकॉर्डिंगवर लावून अ‍ॅम्पसमोर ठेवा, डिकी बंद करा, फिरून या.

ढोलवाला
भारी आयडिया. एकोणीस मिनिटं हिरवा, मग लाल. नऊ सेकंदांनी परत हिरवा. म्हणजे प्रोटेक्शनच.

बूमबॉक्स
सरळ १ फॅरडचा कपॅसिटर (चार्ज साठवून ठेवतो तो) लावून टाका, माझा प्रश्न त्यानेच सुटला.

मीटरकाका
बूमबॉक्स, तुमचा सुटला असेल, पण हिशोब करून बघा. १ फॅरडचा कपॅसिटर १४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत २६ ज्यूल देतो. ५०० वॅटला ते सेकंदाच्या विसाव्या भागात संपतात. एखादा ठोका सावरेल. गळक्या नळाखाली वाटी ठेवण्यातला प्रकार आहे.

ढोलवाला, ते १२.५ कधी मोजलेत? इंजिन बंद आणि गाणंही बंद असताना असेल, तर त्या आकड्याला काही किंमत नाही. करंट वाहत नसेल तर गंजलेल्या जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. तुमचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात ५० अ‍ॅम्पियरच्या आसपास ओढणार. त्या वेळी मोजा. तेही गाण्यावर नको, गाण्यात आकडा नाचत राहतो आणि साधा मीटर सरासरीच दाखवतो, खरी डुबकी त्याहून खोल असते. ५० हर्ट्झचा सलग टोन लावा, इंजिन चालू ठेवा, थोड्या सेकंदांत वाचन घ्या आणि टोन बंद करा. फार वेळ वाजवलात तर कॉइल जळेल.

चार वाचनं हवीत, मीटर डीसी व्होल्टवर:
बॅटरीच्या दोन टोकांवर;
अ‍ॅम्पच्या दोन टर्मिनलवर;
बॅटरीचं प्लस ते अ‍ॅम्पचं प्लस;
बॅटरीचं मायनस ते अ‍ॅम्पचं ग्राउंड.
शेवटच्या दोनसाठी मीटरला लांब वायर जोडावी लागेल. प्रोब चुकूनही अ‍ॅम्पियरच्या भोकात नको, बॅटरीवर लावलात तर थेट शॉर्ट.

गप्पबस
तोवर बॉक्समधून सबची वायर काढून ओहमही मोजा. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावल्यावर जो आकडा येतो तो वजा करा. ४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण साडेतीन दाखवते, घाबरू नका. कोन (स्पीकरचा पडदा) हाताने हळूच आत दाबून बघा, आकडा उडी मारतो का. आणि टर्मिनल ते सबची लोखंडी फ्रेम, तिथे कंटिन्युइटी (विजेचा जोड) येता कामा नये.

ढोलवाला
कॉइल ३.५ आणि ३.६. फ्रेमला काही नाही. आता वाचनं. (काका, तुमचा अंदाज बरोबर, ते १२.५ इंजिन बंद असतानाचे होते. ओशाळलो.)
बॅटरीवर १३.९.
अ‍ॅम्पवर ११.१ (!!)
प्लस ते प्लस ०.७.
मायनस ते ग्राउंड २.१.

मीटरकाका
०.७ आणि २.१ मिळून २.८, तेवढाच फरक बॅटरी आणि अ‍ॅम्पमध्ये आहे. वाचनं चोख घेतलीत. अ‍ॅम्पला दोष देऊ नका, बिचारा उपाशी आहे. ग्राउंड कुठे दिलंय?

ढोलवाला
मागच्या सीटखाली एक कंस आहे, त्याच्या बोल्टला. घट्ट आहे, हलत नाही.

मीटरकाका
घट्ट असेल, पण रंगावर घट्ट असेल. तो कंस बॉडीला जोडलाय तिथेही रंग असतो, म्हणजे तुमचा करंट दोन रंगांच्या थरांमधून वाट काढतोय. वीस मिनिटांत जोड तापतो, रेझिस्टन्स वाढतो, व्होल्टेज आणखी पडतं. रात्री हेडलाइट आणि एसीचा भार, सिग्नलला इंजिन आयडलवर, अल्टरनेटर तेवढं देत नाही. म्हणून रात्री जास्त.

आधी बॅटरीचं मायनस काढा. बॉडीच्या पत्र्यावर जागा शोधा, मागे पेट्रोलची लाइन किंवा वायरिंग नाही हे खाली वाकून बघा, पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबलेला हवा. वर थोडं ग्रीस, गंज चढू नये म्हणून. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही.

ढोलवाला
केलं. रंग असा जाड होता की मेव्हणा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. ग्राउंडचा फरक २.१ वरून ०.२ वर आला. काल पाऊण तास व्यवस्थित वाजलं आणि मग एकदा परत लाल. आधीपेक्षा खूपच बरं, पण संपलेलं नाही.

गप्पबस
मग उरलेले ०.७. ८ गेजची तांब्याची ५ मीटर वायर ५० अ‍ॅम्पियरला अर्धा व्होल्ट घेतेच. पण तुमची वायर तांब्याची आहे का? सोलून सुरीने खरवडा. आतून रुपेरी दिसली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. बॅटरीजवळच्या फ्यूज होल्डरला वाजवून झाल्यावर हात लावा.

ढोलवाला
वायर आतून लालच आहे, तांबं. होल्डर मात्र इतका गरम की बोट टेकवेना! उघडला तर आतला स्क्रू सैल, प्लास्टिक एका बाजूने वितळून पिवळं पडलेलं. फ्यूज मात्र शाबूत. मी फक्त फ्यूजच बघत होतो.

बूमबॉक्स
मोठा फ्यूज टाका मग.

मीटरकाका
नाही, नाही, नाही. फ्यूज वायरला वाचवतो, तुमच्या बासला नाही. होल्डर नवा, फ्यूज जेवढ्याचा आहे तेवढ्याचाच.

ढोलवाला
नवा होल्डर बसवला. प्लस बाजू आता ०.५, अ‍ॅम्पवर १३.२. चार दिवस झाले, काल दोन तास सलग, रात्री, एसी लावून. मोबाईल डिकीतच होता, लाल दिवा एकदाही नाही. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) जरा कमी केलाय, कारण आता पूर्वीच्याच नॉबवर आरसा थरथरतो. काका, गप्पबस, दोघांचे आभार. ४ गेजची, म्हणजे आणखी जाड वायर ओढू का पुढे?

मीटरकाका
दुसरा सब घ्याल तेव्हा ओढा.