मदत हवी आहे: कालव्यात बोटीचं डिझेल इंजिन तापतंय

इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) डिझेल, हीट एक्स्चेंजर असलेलं, म्हणजे कालव्याचं पाणी पंपाने आत घेऊन नळ्यांच्या संचात इंजिनाचा कूलंट थंड करतं आणि ते पाणी एक्झॉस्टमधून बाहेर जातं. 1200 आरपीएमला तापमान 82 अंशांवर स्थिर. 1800 केलं की दहा मिनिटांत 95 च्या पुढे, आणि एक्झॉस्टमधून पाण्याऐवजी वाफच जास्त. वेग कमी केला की उतरतं.

पाणी आत येण्याच्या वाटेवरची गाळणी शेवाळाने गच्च भरली होती, साफ केली. प्रोपेलरला गुंडाळलेलं गवत काढलं. इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं पात्यांचं रबरी चाक) नवा बसवला. जुन्याची दोन पाती तुटलेली, त्यातलं एकच पंपाच्या झाकणामागे मिळालं. कूलंट पुरेसा, पट्टा ताठ, थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून पाहिला, नीट उघडतो.

एक्स्चेंजरच्या आधीचा पाइप काढून पाहिलं तर धार जोरात, नंतरच्या पाइपात निम्मीसुद्धा नाही. म्हणजे दुसरं पातं आतच, नळ्यांच्या तोंडाशी अडकलं असणार.

बोट पाण्याबाहेर काढता येणार नाही, सी-कॉक (बाहेरचं पाणी आत घेणारा बोटीचा नळ) मात्र घट्ट बंद होतो. पुढच्या फेरीत सहा तासांचा प्रवास आणि लॉक्स (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजे) आहेत, वाटेत बंद पडून चालणार नाही.

एक्स्चेंजरमध्ये बाहेर पडायच्या बाजूने नळीचं पाणी उलटं सोडलं तर पातं निघेल, की आणखी रुतेल? का पाणी आत येतं त्या बाजूची टोपी सरळ उघडावी, आणि उघडली तर ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बदलावीच लागते का?