चर्चा: कोल्हापूरच्या चप्पल लाईनच्या गल्ल्यावर लाइटनिंगचा क्यूआर ठेवावा का?

पंचगंगाकाठ
'बिटकॉइननं चहाचे पैसे देता येत नाहीत' हा आक्षेप आता सोडून द्यावा. मूळ साखळीवर (ब्लॉकचेनवर) सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, येतो आणि सेकंदाला जेमतेम सात व्यवहार मावतात, हे खरंच आहे. म्हणून तर वर लाइटनिंग हा दुसरा थर आला.

दूध संस्थेची वही डोळ्यांसमोर आणा. सकाळ-संध्याकाळ लिटर आणि फॅट चढत जातं, पैसे दहा दिवसांनी बिलाला. लाइटनिंगमध्येही दोघं मिळून दोन सह्यांच्या पत्त्यावर रक्कम ठेवतात. साखळीवर हा एक व्यवहार, यालाच चॅनल उघडणं म्हणतात. पुढं वाटणी आपापसात बदलत राहते. चॅनल बंद करताना दुसरा व्यवहार. मधे हजार देणी-घेणी झाली तरी साखळीला पत्ता नाही, आणि पैसे काही सेकंदांत पोचतात. परदेशी पाहुणे येतात अशा दुकानांनी हा क्यूआर ठेवावाच, असं माझं ठाम मत आहे.

हुपरी_रोड
भावा, दाखलाच उलटा पडतोय. संस्थेत दूध आधी, पैसे मागनं. इथं पैसे आधी कोंडायचे, मग व्यवहार. वही उधारीची असते, ही उधारी नव्हे.

दुकानदारानं १०,००,००० सातोशींचं (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा सगळ्यात लहान भाग) चॅनल उघडलं असं धरा. सगळी शिल्लक त्याच्याच बाजूला. एक टक्का, म्हणजे १०,००० राखीव सोडून बाकी तो देऊ शकतो. घेऊ मात्र काहीच शकत नाही, कारण समोरच्या बाजूला सरकवायला काही नाहीच. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं आणि 'मार्ग सापडला नाही' असा संदेश येतो. उपाय तीन: आत येणारी क्षमता विकत घ्या, आधी स्वतः खर्च करा, नाहीतर स्वॅप करून शिल्लक साखळीवर काढा. विकत घेणं आणि स्वॅप दोन्हींना थेट फी, खर्च करायचा तर घेणारा पाहिजे. यूपीआयला दुकानदाराला २०२० पासून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागं कापलं जाणारं शुल्क, शून्य. आणि परदेशी पाहुण्यासाठी २०२३ पासून यूपीआय वन वर्ल्ड हे खास वॉलेट आहे.

पंचगंगाकाठ
क्षमतेचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मी तो आधीच लिहायला हवा होता. पण दुकानदारानं स्वतः चॅनल उघडायची गरज नाही. फोनवरच्या काही वॉलेटमध्ये सेवा देणाराच त्याच्याकडं चॅनल उघडतो आणि पहिल्या जमेतून फी कापतो. पैसे हलवायची गुप्त किल्ली मात्र दुकानदाराकडंच राहते, हे माझ्या लेखी मोठं आहे.

शिरोली_नोड
पहिल्या जमेतून फी कापणं मोठ्या रकमेला ठीक. २० एप्रिल २०२४ ला, हाल्विंगच्या (नवीन बिटकॉइनचं बक्षीस निम्मं होण्याच्या) दिवशी, साखळीवरची सरासरी फी शंभर डॉलरच्या वर गेली होती. ५०,००० सातोशींची तेव्हाची किंमत साधारण ३२ डॉलर. असलं चॅनल त्या दिवशी बंद करण्यात अर्थच नव्हता.

ज्यांना स्वतःचा नोड (लाइटनिंगला जोडलेला संगणक) चालवायचाय त्यांनी कोल्हापूरचं पाणी लक्षात ठेवावं. समोरच्यानं जुनी, त्याच्या फायद्याची वाटणी साखळीवर टाकली, तर ती हाणून पाडायला ठरावीक मुदत मिळते. एलएनडी या नोडच्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनलच्या आकारानुसार ती १४४ ते २,०१६ ब्लॉक, म्हणजे सुमारे एक दिवस ते दोन आठवडे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहरातल्या कितीतरी भागांची वीज किती दिवस नव्हती ते आठवा. तेवढ्या वेळात नोड बंद आणि वॉचटॉवरही (तुमच्या वतीनं साखळीवर पहारा देणारा दुसरा संगणक) नसेल, तर चोरी पकडणार कोण? वॉचटॉवर पाहिजेच, आणि तो त्याच फीडरवर नको. पुणं चालेल, शाहूपुरी नको.

त्याहून जास्त पैसे जातात ते जुन्या बॅकअपपायी. डिस्क गेली, महिन्यापूर्वीची डेटाबेसची प्रत टाकली, नोड सुरू केला. आता तुमचा नोड रद्द झालेली वाटणी खरी समजतो. ती साखळीवर गेली, की नियमाप्रमाणं चोरी तुमची ठरते आणि समोरचा पूर्ण शिल्लक उचलतो. डेटाबेसची प्रत कधीच परत टाकायची नाही. 'चॅनल डॉट बॅकअप' ही छोटी फाईल वेगळी ठेवा. ती वाटणी परत आणत नाही, समोरच्याला चॅनल बंद करायची विनंती करते. आणि ती नवीन चॅनल उघडलं की बदलते.

राजारामपुरी_९
लाइटनिंगवरच का अडायचं? डॉलरशी बांधलेलं यूएसडीसी हे नाणं रोलअपवर (इथेरियम साखळीवरच्या स्वस्त दुसऱ्या थरावर) पाठवा, भावाच्या चढउताराची कटकटच नाही. १३ मार्च २०२४ च्या इथेरियमच्या डेनकून बदलानंतर तिथली फी बरीच उतरली.

हुपरी_रोड
उतरली, पण आर्बिट्रमसारख्या रोलअपवरनं त्याच्या मूळ पुलानं (एका साखळीवरनं दुसरीवर पैसे नेणाऱ्या सोयीनं) इथेरियमवर परतायला साधारण सात दिवस लागतात. खोटा हिशोब आव्हान देऊन पाडायला ठेवलेली ती मुदत आहे. घाई असेल तर मधला पूल वापरा, म्हणजे पुन्हा फी आणि तिसऱ्यावर भरवसा. शिवाय वॉलेटमध्ये नुसतं यूएसडीसी असून भागत नाही, सहसा फीसाठी त्याच रोलअपवर थोडं इथर लागतं. आणि पत्ता सगळीकडं तसाच दिसतो, त्यामुळं एक्स्चेंज जे नेटवर्क घेत नाही त्यावर पाठवलं तर पैसे अडकतात.

करवीर_हिशोब
तंत्राचं सगळ्यांचं बरोबर आहे, पण गल्ल्यावरचा हिशोब बघा. १,२०० रुपयांचा चप्पल जोड सातोशींत विकला. विक्री १,२०० चीच धरायची, जीएसटी त्यावरच. ते सातोशी पुढं १,५०० ला विकले, तर ३०० च्या नफ्यावर ३० टक्के, म्हणजे ९० रुपये, वर ४ टक्के उपकर: ९३ रुपये ६० पैसे. आणि १,००० ला विकले तर? २०० चा तोटा चपलांच्या नफ्यातून वजा होत नाही, दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही नाही. म्हणजे प्रत्येक जमेच्या क्षणाचा रुपयातला भाव लिहून ठेवावा लागणार, नाहीतर वर्षाअखेरीला खरेदी किंमत सिद्ध कशी करणार?

निर्यातदारांनी तर हात लावू नये. परदेशी पैसे अधिकृत बँकेतून आले नाहीत तर शिपिंग बिल ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या निर्यातीच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेत, उघडंच राहतं. क्यूआरवर आलेले सातोशी ते बंद करत नाहीत.

पंचगंगाकाठ
ताई, निर्यातीचं पटलं, तो भाग मी सोडला. काउंटरबद्दल मात्र मत तेच आहे, फक्त अटींसह: ज्याची रक्कम बुडाली तरी दुकान हलणार नाही त्यानंच, सेवा देणाऱ्याच्या चॅनलवर, आणि प्रत्येक जमेला रुपयातला भाव त्याच मिनिटाला वहीत.

शिरोली_नोड
त्यात एक भर घाला. बऱ्याच वॉलेटचा इनव्हॉइस (ठरावीक रक्कम मागणारा कोड) एका तासानं मरतो, म्हणून काउंटरवर इनव्हॉइसचा क्यूआर छापून चिकटवू नका. दर गिऱ्हाईकाला रक्कम टाकून नवा काढा, आणि आपल्या पडद्यावर 'जमा' दिसल्याशिवाय जोड हातात देऊ नका. गिऱ्हाईकाच्या फोनवर 'प्रलंबित' असेल तर त्याला लगेच दुसऱ्या वॉलेटमधनं परत पैसे पाठवायला सांगू नका. वाटेतला नोड अडला की ती रक्कम तासन्‌तास, कधी दिवसभरही लटकते, आणि मुदत संपली की त्याची त्याला परत जाते.