इराणचे निर्बंध आणि आमची केळीची पट्टी: समजून घ्यायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी करमाळा तालुक्यातली. घरची तीन एकर जी-नाइन केळी आहे आणि जवळच्या पॅकहाऊसमध्ये पेट्यांचा हिशेब मी लिहिते. फण्या तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, पुसायच्या, पेटीत बसवायच्या, रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर भरला की न्हावा शेव्याला रवाना. आमच्या वहीत इराणच्या 'बंदर अब्बास' या बंदराचं नाव इतक्या वेळा येतं की ते शेजारचंच गाव वाटावं.

जून २०२५ मध्ये तिकडे युद्ध पेटलं तेव्हा आमची बाग ऐन तोडणीला आलेली. व्यापारी म्हणाला, थांबा. घड किती दिवस थांबणार? शेवटी लोकल भावाने माल द्यावा लागला. त्याआधी गेलेल्या मालाची पट्टीही (म्हणजे विक्रीचे पैसे) अर्धीच हातात आली. विचारलं की एकच उत्तर, "इराणवर निर्बंध आहेत." सप्टेंबरअखेरीस संयुक्त राष्ट्रांचेही निर्बंध परत लागू झाले. येत्या रविवारी आमच्या शेतकरी गटाची बैठक आहे आणि हे सगळं समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलंय. वाचलंय बरंच, पण दोन-तीन ठिकाणी अडलेय. चुकत असेन तर सांगा.

हे निर्बंध इराणच्या अणुकार्यक्रमावरून आहेत. त्यातलं युरेनियमच्या टक्क्यांचं प्रकरण मला असं समजलं. खाणीतल्या युरेनियममध्ये कामाचं युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं. काल रात्री मी ताटात ज्वारीचे ९९३ दाणे घेतले आणि त्यात उडदाचे ७ टाकले. आता ज्वारी काढत जायची. २०१५ च्या अणुकरारात इराणला ३.६७ टक्क्यांची मर्यादा होती, म्हणजे ताटात साधारण १९० दाणे उरतात. ६० टक्क्यांना उरतात १२. बॉम्बसाठी लागणाऱ्या ९० टक्क्यांना उरतात ८. म्हणजे ६० वर पोचलेल्याने ९८८ दाणे आधीच वेचलेत आणि फक्त चार राहिलेत! मुलगी शेजारी बसून मोजत होती. ती म्हणाली, "आई, मग सगळं काम तर झालंच की." जून २०२५ च्या हल्ल्यांच्या वेळी इराणकडे ६० टक्क्यांचं ४४० किलो युरेनियम होतं, असा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा हिशेब आहे. २०१५ च्या करारात तर ३.६७ टक्क्यांचाच साठा आणि तोही फक्त ३०० किलो ठेवायची परवानगी होती. हे उदाहरण बैठकीत दिलं तर चालेल ना?

दुसरं, तो 'स्नॅपबॅक', म्हणजे उठवलेले निर्बंध परत लागू करण्याची तरतूद. ट्रम्प यांनी मे २०१८ मध्ये अमेरिकेला करारातून बाहेर काढलं, २०१९ पासून इराणनेही एकेक मर्यादा ओलांडली, हे कळलं. पण रशिया आणि चीन इराणच्या बाजूने असताना त्यांचा नकाराधिकार का चालला नाही?

आणि तिसरं, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. अन्न आणि औषधांना निर्बंधांतून सूट आहे असं सगळीकडे वाचते. केळी हे अन्नच आहे. मग पैसे का अडकतात?

---

प्रतिसाद

ताई, बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं काढली, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

सूट मालाला आहे. पैसा ज्या वाटेने यायचा, ती वाटच बंद आहे. इराणच्या बँका २०१२ मध्ये स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून बाहेर काढल्या गेल्या, २०१६ मध्ये परत आल्या, २०१८ मध्ये बहुतेक पुन्हा बाहेर. अमेरिकेचा नियम असा की काळ्या यादीतल्या इराणी बँकेशी व्यवहार करणाऱ्या तिसऱ्या देशातल्या बँकेचंही डॉलरचं दार बंद होऊ शकतं. मग केळीच्या एका कंटेनरसाठी कोणती बँक हा धोका पत्करेल? कागदावर सूट असते आणि काउंटरवर नकार मिळतो.

आपल्याकडे यावर एक चांगली तोड निघाली होती. भारतीय तेल कंपन्या इराणच्या तेलाचे पैसे कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांत भरत. त्याच रुपयांतून आपल्या तांदूळ, चहा, औषधांच्या निर्यातदारांची देणी भागत. डॉलरचा संबंधच नाही. पण मे २०१९ मध्ये अमेरिकेने तेलखरेदीची सवलत काढून घेतली आणि भारताने इराणचं तेल घेणं थांबवलं. शेततळ्यात येणारा ओढा आटला आणि मोटर मात्र चालूच, असं झालं. खात्यातली शिल्लक संपत गेली. तेव्हापासून बरेच निर्यातदार दुबईमार्गे व्यवहार करतात. त्यात वेळ जातो, मधल्याचं कमिशन जातं, आणि तो भार शेवटी तुमच्या पट्टीवर येतो.

स्नॅपबॅकची रचना मुद्दाम उलटी केली होती. सुरक्षा परिषदेचा २०१५ चा ठराव २२३१ सांगतो की करारातल्या एखाद्या देशाने गंभीर उल्लंघनाची तक्रार केली, तर सवलत *चालू ठेवण्यासाठी* ३० दिवसांत ठराव मंजूर व्हावा लागतो. तो झाला नाही तर जुने निर्बंध आपोआप परत. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीने २८ ऑगस्ट २०२५ ला तक्रार दिली. १९ सप्टेंबरला मतदान झालं तेव्हा सवलतीच्या बाजूने चारच मतं पडली, विरोधात नऊ. नकाराधिकार असतो ठराव पाडायला. इथे तर ठराव मंजूर करून घ्यायचा होता. रशिया-चीन ही प्रक्रियाच बेकायदा मानतात, म्हणून अंमलबजावणीवर वाद राहणारच. शिवाय तुमची अडचण २०१८ च्या अमेरिकी निर्बंधांतली जास्त आहे. सप्टेंबरच्या निर्णयाने बँकांची भीती आणखी वाढली, इतकंच.

ज्वारीचं उदाहरण जरूर द्या. प्रत्यक्षात थोडे उडीद टाकाऊ ढिगातही जातात, पण दिशा बरोबर आहे. अवघड टप्पा सुरुवातीचाच असतो, म्हणून तर २०१५ चा करार सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे ही निवड करणाऱ्या फिरत्या यंत्रांच्या, संख्येवर इतका अडून बसला होता. इराणच्या नतांझ केंद्रात ५०६० च चालवायची, फोर्दो केंद्रात १५ वर्षं संवर्धन (युरेनियमचे टक्के वाढवणं) नाही, असा एकेक आकडा वाटाघाटींत आठवडेच्या आठवडे घासून ठरला.

गटाला एवढं नक्की सांगा: माल तोडण्याआधी निर्यातदाराला विचारा की पैसे कुठल्या देशातून, कुठल्या चलनात आणि कंटेनर सुटण्याआधी किती टक्के येणार.

---

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. शेततळ्याचं वाचून यांनाही लगेच उमगलं, २०१९ नंतर पट्टीला उशीर का व्हायला लागला ते. आज सकाळीच व्यापाऱ्याला फोन करून तुमचे तिन्ही प्रश्न विचारले. चलन दिरहम, पैसे दुबईहून, आगाऊ काहीच नाही. पुढची तोड वीस दिवसांवर आहे. निम्मे आगाऊ मिळाल्याशिवाय कोयता लावायचा नाही, असं रविवारी गटापुढे मांडणार आहे.